शाळा एकत्र केल्या, पण उत्तर कोण देणार?

आसपासच्या कमी पटाच्या शाळा मिळून एक मोठी शाळा करायची, त्या समूह शाळांविषयी या महिन्यात इतकी पत्रं आली की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्र लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलं, म्हणून प्रत्येक पत्राखाली तेवढा तालुका किंवा जिल्हा दिला आहे.

प्रश्न : आदरणीय बाई, सा. न. आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथी मिळून 13 मुलं आहेत. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. आमची शाळा खालच्या मोठ्या गावातल्या शाळेत मिसळायची चर्चा आहे. मध्ये ओढा आहे आणि पावसाळ्यात तो चढतो. एका बैठकीत आम्हाला सांगितलं गेलं की अमेरिकेनं शंभर वर्षांपूर्वीच खेड्यातल्या छोट्या शाळा बंद करून मोठ्या शाळा केल्या, म्हणून तो देश पुढे गेला. हे खरं आहे का? आम्ही काय भूमिका घ्यावी?
— एक पालक, ता. पोलादपूर

उत्तर : दादा, तिकडे शाळा एकत्र झाल्या हे खरं आहे. पण तुम्हाला सांगणाऱ्यानं सुरुवात आणि शेवट सांगितला, मधली सगळी वर्षं गाळली. तुमच्या कामाचं नेमकं तिथंच आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्यानं 1869 मध्ये एक कायदा केला. मुलांना शाळेत पोचवायला सरकारी तिजोरीतला पैसा वापरायची मुभा त्यानं दिली. लांबच्या शाळेत मुलं जाणार असतील तर त्यांना नेण्या-आणण्याचा खर्च गावानं उचलायचा, ही गोष्ट तिथं शाळांना कुलपं लागण्याच्या कितीतरी आधी मान्य झाली. पुढे 1892 च्या सुमारास ओहायोतल्या किंग्सव्हिलनं आसपासच्या छोट्या शाळांची मुलं घोडागाडीतून मधल्या शाळेत आणायला सुरुवात केली. त्याच काळात इंडियानातल्या रिचमंड गावी वेन वर्क्स नावाचा कारखाना खास मुलांसाठी गाड्या बांधू लागला. दोन्ही बाजूंना लांब बाकं आणि दार मागच्या बाजूला, म्हणजे मुलांच्या चढण्या-उतरण्यानं घोडे बुजू नयेत. आजही तिकडच्या स्कूल बसला मागे संकटकाळी उघडायचं दार असतं.

एकत्र करण्यामागचं कारणही खोटं नव्हतं. खेड्यातली शाळा म्हणजे एक खोली, मध्ये एक शेगडी आणि आठही इयत्तांना मिळून एक शिक्षिका. ती बऱ्याचदा स्वतःच अठरा-एकोणीस वर्षांची पोर असायची. सकाळी लवकर येऊन शेगडी पेटवायची, झाडलोट करायची आणि मग आठ वर्गांचे धडे. मी द्विशिक्षकी शाळेत शिकवलं आहे. जोडीदार शिक्षक निवडणुकीच्या कामावर गेला की चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसावं लागायचं. पहिलीला अक्षर गिरवायला द्यायचं, तोवर चौथीचा भागाकार अर्ध्यावर राहायचा. त्यामुळे मोठी शाळा हवी म्हणणाऱ्यांना मी शत्रू समजत नाही. तिथं दर इयत्तेला वेगळा शिक्षक मिळतो, प्रयोगशाळा होते, आणि मुख्य म्हणजे खेड्यातल्या मुलाला हायस्कूल गाठता येतं.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 1908 मध्ये ग्रामीण जीवनाचा अभ्यास करायला आयोग नेमला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे एलवुड कबर्ली यांच्यासारखे शिक्षणतज्ज्ञ एकत्र शाळांचा हिरिरीनं पुरस्कार करत होते. शेतकरी मात्र लगेच बधले नाहीत. कर वाढणार, रस्ते चिखलाचे, लेकरं अंधारात घराबाहेर पडणार, ही त्यांची भीती होती. शिवाय शाळेची खोली म्हणजे गावाची चावडीच होती. सभा तिथं, मतदान तिथं, नाताळचा कार्यक्रमही तिथंच. बऱ्याच राज्यांत गावकऱ्यांनी मतदान करून मान्य केल्याशिवाय शाळा मिसळता येत नसत, आणि कित्येक ठिकाणी त्यांनी ती कल्पना धुडकावून लावली.

जिथं लोकांनी मनापासून स्वीकारलं, तिथं शाळा शहरात ओढून नेली गेली नाही. इलिनॉय राज्यात पुटनम काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हाच) 1906 साली जॉन स्वेनी नावाच्या शेतकऱ्यानं आपली 24 एकर जमीन दिली आणि एकत्र शाळा चहूबाजूंनी शेतं असलेल्या त्या माळावर उभी राहिली. मुलं शेतीचे धडे तिथल्याच मातीत गिरवत. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

आता आकडे पाहा. 1929-30 मध्ये अमेरिकेत एकशिक्षकी शाळा जवळजवळ 1 लाख 49 हजार होत्या. 1949-50 मध्ये त्या साठ हजारांच्या आत आल्या आणि 1970 च्या सुमारास दोन हजारांहूनही कमी उरल्या. म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यापासून धरलं तर शंभर वर्षं लागली. त्या शंभर वर्षांत डांबरी रस्ते झाले, मोटारी आल्या, बस आल्या. रस्ता आणि वाहन आधी, कुलूप नंतर, असा तो क्रम होता. मोंटानासारख्या राज्यात काही एकशिक्षकी शाळा अजूनही चालू आहेत, कारण तिथं अंतरंच तशी आहेत.

आपल्याकडे सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तांच्या पत्रानं समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा आणि त्यांतली 1 लाख 85 हजार 467 मुलं असा तेव्हाचा हिशोब होता. नमुना म्हणून नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत यांची नावं पुढे आली. शिक्षण हक्क कायद्याखालच्या आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी असं आहे. हे नियम तोंडपाठ करून बैठकीला जा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर चौथीपर्यंतची मुलं वाडीतच शिकावीत. पाचवीपासून पुढे एकत्र शाळा चांगली, पण ओढ्यावर साकव झाल्यावर. साकव आधी मागा. आणि मुलं खाली गेली तरी शाळेची इमारत वाडीच्या ताब्यात कशासाठी राहील, अंगणवाडी, वाचनालय की आणखी काही, तेही लिहून घ्या.

प्रश्न : बाई, मागच्या एका अंकात तुम्ही टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेचा उल्लेख केला होता. 'शाळा एवढी श्रीमंत, आणि मुलं गेली ती एका पाइपामुळे' एवढंच वाक्य होतं. आमच्या वर्गात त्यावर चर्चा झाली, पण कुणालाच पूर्ण माहिती नव्हती. सविस्तर लिहाल का?
— डी.एल.एड.ची विद्यार्थिनी, उदगीर

उत्तर : लिहिते. मला ही हकीकत कळली ती माझ्या भाचीमुळे. ती टेक्सासमधल्या टायलर शहरात राहते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिनं विचारलं, "मावशी, तुला शाळांचं एवढं वेड, तर एक शाळा बघायला येतेस?" न्यू लंडन तिथून गाडीनं तासाभराच्याही आत आहे.

रस्क काउंटी हा कापूस आणि रताळी पिकवणाऱ्या गरीब शेतकऱ्यांचा मुलूख. 1930 च्या ऑक्टोबरमध्ये तिथं तेल लागलं आणि दोन-चार वर्षांत सगळं चित्र पालटलं. सगळा देश महामंदीत होरपळत असताना या भागातल्या शाळांकडे तेलाच्या कराचा पैसा येऊ लागला. आसपासच्या छोट्या वस्त्यांच्या शाळा मिळून लंडन कन्सॉलिडेटेड स्कूल झाली. पोलादी सांगाड्याची मोठी इमारत, फुटबॉलच्या मैदानावर विजेचे दिवे. इमारतीवर सुमारे दहा लाख डॉलर खर्च झाला होता. अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत ग्रामीण शाळांमध्ये तिची गणना व्हायची. फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं की तेल आणि नैसर्गिक वायू ही या भागाला मिळालेली सर्वांत मोठी देणगी आहे, ती नसती तर ही शाळाही नसती. तो फळा ढिगाऱ्यातून जसाच्या तसा निघाला.

इमारत तापवायला बॉयलर बसवून वाफ खेळवायची असा मूळ आराखडा होता. शाळा मंडळानं तो बाजूला ठेवला आणि इमारतभर 72 गॅस हीटर बसवले. 1937 च्या सुरुवातीला मंडळानं आणखी एक काटकसर केली. गॅस कंपनीचं कनेक्शन तोडलं आणि जवळून जाणाऱ्या तेल कंपनीच्या वाहिनीला जोड मारून तिथला टाकाऊ वायू शाळेत घेतला. तेलाबरोबर येणारा हा वायू कंपन्या नाहीतरी जाळूनच टाकत. आसपासची घरं, चर्चसुद्धा असाच वायू फुकट घेत होती आणि कंपन्या काणाडोळा करत होत्या. शाळेचे यातून महिन्याला सुमारे तीनशे डॉलर वाचायचे.

या वायूला वास नव्हता. इमारतीच्या जमिनीखाली मोठी पोकळी होती आणि गळणारा वायू तिथं साचत गेला. मुलं डोकं दुखतं म्हणून सांगत होती, बरेच दिवस सांगत होती. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. तुम्ही उद्या वर्गावर जाणार आहात म्हणून मुद्दाम सांगते. एका वर्गातली चार-पाच मुलं एकदम डोकं दुखतं म्हणाली तर ती अभ्यासाचा कंटाळा करतात असं समजू नका. आधी खिडक्या उघडा, मुलांना मैदानात न्या, मग कारण शोधा.

18 मार्च 1937, गुरुवार. शुक्रवारी हेंडरसन गावी शाळांच्या स्पर्धा होत्या, म्हणून सुट्टी दिलेली. पहिली ते चौथीची मुलं लवकर घरी सोडली होती. पालक-शिक्षक संघाची बैठक बाजूच्या व्यायामशाळेच्या इमारतीत चालू होती, त्यामुळे बऱ्याच आया तिथंच होत्या. मुख्य इमारतीत पाचवी ते अकरावीची सुमारे पाचशे मुलं आणि चाळीसेक शिक्षक. दुपारी तीन वाजून गेल्यावर हस्तव्यवसायाच्या शिक्षकांनी विजेवर चालणारं लाकूड घासायचं यंत्र सुरू केलं. त्याच्या ठिणगीनं वायू पेटला. लोकांनी पाहिलं ते असं, की भिंती फुगल्या, छप्पर वर उचललं गेलं आणि खाली कोसळलं. दोन टन वजनाचा काँक्रीटचा तुकडा उडून साठ मीटर लांब उभ्या असलेल्या मोटारीवर पडला.

धावून आले ते तेलविहिरींवरचे कामगार. मुलं त्यांचीच होती. त्यांनी आपली अवजड यंत्रं आणली आणि पावसात, रात्रभर ढिगारा उपसला. सकाळपर्यंत जागा मोकळी झाली होती. टायलरचं मदर फ्रान्सिस रुग्णालय दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं, ते त्याच रात्री उघडलं. मृतांचा आकडा तीनशेच्या आसपास आहे. नेमका आकडा लावताच आला नाही, कारण कामासाठी बाहेरून आलेली कितीतरी कुटुंबं आपल्या मुलांचे देह घेऊन आपापल्या मुलखात परतली. अमेरिकेतल्या शाळांच्या इतिहासात याहून मोठी जीवितहानी झालेली नाही.

तिथं रस्त्याच्या मधोमध गुलाबी ग्रॅनाइटचं उंच स्मारक आहे. वर शिक्षक आणि मुलं कोरलेली, खाली नावं. मी नावं वाचत गेले. एकाच आडनावाची दोन-दोन, तीन-तीन नावं लागोपाठ येतात, म्हणजे भावंडं. भाचीनं माझा हात धरून मला सावलीत बसवलं. आपल्याकडे एका घरातली दोन-तीन लेकरं हात धरून शाळेत येतात, तशीच ती येत असणार.

चौकशी झाली. शाळेचे अधीक्षक डब्ल्यू. सी. शॉ यांचा स्वतःचा मुलगा त्यात गेला होता, आणि लोकांच्या रागामुळे त्यांना पद सोडावं लागलं. पालकांनी खटले भरले, ते कोर्टात टिकले नाहीत. चौकशीचा निष्कर्ष असा की कुणा एका माणसावर दोष ठेवता येत नाही.

मला छळते ती ही ओळ. एका खोलीच्या जुन्या शाळेत शेगडीत काय जळतंय ते मास्तरीणबाईला दिसत होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या आईबापांनाही दिसत होतं. शाळा मोठी झाली तशी शेगडी जमिनीखालच्या पाइपात गेली. पाइप कुठून जोडला हे मंडळाच्या मोजक्या माणसांना माहीत, जोडणाऱ्याला माहीत, आणि ज्यांची मुलं त्या जमिनीवर बसत होती त्यांना पत्ताच नाही. मोठी शाळा वाईट असते असा अर्थ मी यातून काढत नाही. शाळा गावाच्या नजरेआड जाते तेव्हा गावाची नजर ज्यानं चालवायची त्या माणसाचं नाव आधी ठरलं पाहिजे, एवढं मला कळतं. न्यू लंडनमध्ये तसं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

एक काम मात्र त्या आईबापांच्या दुःखानं झालं. काही आठवड्यांतच टेक्सासच्या विधिमंडळानं कायदा करून वायूत उग्र वासाचं रसायन मिसळणं सक्तीचं केलं आणि तो नियम पुढे सगळीकडे पसरला. आपल्या घरातल्या सिलिंडरला येणारा कुजकट वासही वायूचा स्वतःचा नाही. तो इथाइल मरकॅप्टनचा, मुद्दाम घातलेला. 1939 मध्ये त्याच आवारात नवी शाळा उभी राहिली. 1965 मध्ये ती शेजारच्या गॅस्टनच्या शाळेशी पुन्हा एकत्र झाली आणि आज वेस्ट रस्क या नावानं चालते.

आपल्याकडचं एक नावही वर्गात घ्या. तमिळनाडूतल्या कुंभकोणमला 16 जुलै 2004 रोजी एकाच इमारतीत तीन शाळा दाटीनं भरत होत्या. आहाराच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपरानं धरली आणि 94 मुलं गेली. शाळा एकत्र करताना मुलं मोजली जातात. जिने, दारं आणि स्वयंपाकघर मोजायला कुणी जात नाही. ते काम तुम्ही शिक्षक म्हणून अंगावर घ्या.

प्रश्न : बाई, मी शाळेत पोषण आहार शिजवते. शेजारच्या दोन वस्त्यांची मुलं आमच्याकडे आल्यापासून दोन सिलिंडर लागतात. खोली तीच, लहान. मधूनमधून वास येतो. सांगितलं की म्हणतात, शेगडी जुनी आहे, वास येणारच. मी काय करू?
— स्वयंपाकी, जि. जालना

उत्तर : ताई, वास येणारच असं कधीच नसतं. वास आला म्हणजे गॅस गळतोय. तुमचं नाक बरोबर सांगतंय, त्याच्यावर विश्वास ठेवा.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, खाली जमिनीवर पसरतो, कोपऱ्यात साचतो. म्हणून वरची खिडकी उघडी आहे एवढ्यानं भागत नाही, दारही सताड उघडं पाहिजे, आणि भिंतीला खाली जमिनीलगत हवा जायला जाळी पाहिजे. वास आला की विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. शेगडीची बटणं बंद, रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी, दारं-खिडक्या उघड्या, मुलं लांब मैदानात, आणि बाहेर येऊन 1906 ला फोन. हा नंबर गॅस गळतीसाठीच आहे, दिवसरात्र चालतो. खोलीच्या दारावर बाहेरून मोठ्या अक्षरात रंगवून घ्या.

रोजचं म्हणाल तर सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. नळीवर तारीख छापलेली असते, ती उलटली की नळी बदलायची. भेगा दिसल्या तर तारखेची वाट बघायची नाही. सांध्यावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात का ते दिसतं, काडी पेटवून कधीच बघू नका. भरलेला दुसरा सिलिंडर खोलीत नको. मुलं ताटं घेऊन दाराशी गर्दी करतात, त्यांची रांग पलीकडच्या ओट्याजवळ लावा.

आणि तोंडी सांगणं बंद करा. दोन ओळी लिहा, म्हणजे वास कोणत्या तारखेला आला आणि कुणाला सांगितलं. एक प्रत मुख्याध्यापकांना, एक व्यवस्थापन समितीला, आणि पोच घ्या. लिहिता येत नसेल तर सातवीच्या एखाद्या मुलीला बसवून लिहून घ्या. तुमच्या हाताखालून दोन वस्त्यांची जास्तीची मुलं जेवतात, तेव्हा खोली वाढवून मागायचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे.

प्रश्न : बाई, माझी मुलगी आठवीत आहे. शाळा सात किलोमीटर. खासगी जीपमधून जाते, पोरं कोंबून भरतात. आता मोठी शाळा होणार आणि पिवळी बस देणार असं ऐकतो. ग्रामसभेत बसबद्दल काय मागायचं?
— एक आई, ता. किनवट

उत्तर : ताई, बसचा पिवळा रंगसुद्धा कुणीतरी बसून ठरवला तेव्हा आला. कोलंबिया विद्यापीठाचे फ्रँक सायर 1937 मध्ये राज्याराज्यांत फिरले तेव्हा मुलं हाताला लागेल त्या वाहनातून शाळेत जाताना त्यांना दिसली. काही ठिकाणी तर गहू वाहायच्या घोडागाडीतून. त्यांनी 1939 च्या एप्रिलमध्ये राज्यांचे अधिकारी आणि गाड्या बनवणारे एकत्र बसवले. गाडीची उंची, मधली वाट, अशी मोजमापं तिथं ठरली आणि रंगही ठरला, कारण पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात पिवळ्यावरची काळी अक्षरं चटकन दिसतात. आपल्याकडची पिवळी स्कूल बस त्याच वाटेनं आली.

पण बस कुणाला मिळते हा प्रश्न रंगापेक्षा मोठा आहे. साउथ कॅरोलायना राज्यातल्या क्लॅरेंडन काउंटीत गोऱ्या मुलांसाठी तीसेक बस होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नाही. काही मुलं नऊ-नऊ मैल चालत. पाद्री जोसेफ डीलेन यांच्या पुढाकारानं लेव्ही पिअरसन या शेतकऱ्यानं बस मागितली. नकार मिळाला म्हणून 1948 मध्ये त्यांनी दावा लावला. त्यांची जमीन कोणत्या शाळा-जिल्ह्यात येते असं खुसपट काढून दावा फेटाळला, गावानं त्यांना कर्ज नाकारलं, त्यांची पिकं शेतात कुजली. माणसं हटली नाहीत. तिथूनच नवा खटला उभा राहिला, आणि 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या त्या निकालातल्या पाच खटल्यांपैकी तो एक होता. एका बसच्या मागणीपासून तो निघाला. म्हणून ग्रामसभेत बस मागताना आवाज खाली नको. आणि बसचा मार्ग वस्तीपर्यंत, तांड्यापर्यंत, पाड्यापर्यंत येतो की मोठ्या गावाच्या पारावरूनच वळतो, हे सर्वांत आधी विचारा.

वेळ विचारा. वेस्ट व्हर्जिनियात 1990 नंतर तीनशेहून जास्त शाळा बंद झाल्या. प्राथमिकच्या मुलानं बसमध्ये एका बाजूला अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये असं राज्याचंच मार्गदर्शन होतं, तरी डोंगराळ भागात लेकरं तासातासाचा प्रवास करत राहिली. तेव्हा किलोमीटरवर समाधान मानू नका, मिनिटं लिहून मागा. पहिली मुलगी किती वाजता चढणार, शेवटची किती वाजता उतरणार.

मग पैशाचं. बस देणगीतून आली तर देणगी संपल्यावर डिझेल आणि चालकाचा पगार कोण देणार, किती वर्षांसाठी, ते ठरावात हवं. बसमध्ये बाई मदतनीस हवी. बस बिघडली त्या दिवशी मुलींना घरी कोण पोचवणार आणि पालकांना कोण कळवणार, त्याचं नाव, हुद्दा आणि फोन नंबर हवा. जादा तास किंवा स्नेहसंमेलन असेल त्या दिवशी बस थांबणार का, तेही विचारा. नाहीतर खेळात आणि नाटकात फक्त शाळेच्या गावची मुलं उरतात, हे मी केंद्रप्रमुख असताना डोळ्यांनी पाहिलं आहे.

बस प्रत्यक्ष दारात येईपर्यंत मुलीची एसटी सोडू नका. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास तिला लागू आहे, मुख्याध्यापकांकडे अर्ज करा. तुमच्या तालुक्यात मुलींसाठी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस असेल तर तिचं वेळापत्रक आगारातून लेखी घ्या. ग्रामसभेला एकट्या जाऊ नका, ज्यांच्या मुली त्याच जीपमधून जातात त्या सगळ्याजणी मिळून जा. ठराव मांडला की तो इतिवृत्तात लिहिलाय का ते तिथंच वाचून घ्या आणि आठवड्याच्या आत ग्रामसेवकांकडून सही-शिक्क्याची प्रत मागा.